ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना नीरा नदी ओलांडली, की सातारा जिल्ह्याची हद्द लागते. खंडाळा, खंबाटकीचा घाट आणि सातारा शहर मागे टाकून आणखी दक्षिणेस गेले, म्हणजे कृष्णा व कोयना यांच्या संगमावर वसलेले कऱ्हाड येते. या साऱ्या मुलखाला मल्लविद्येचा नाद फार जुना. गावोगाव तालीम असावी आणि जत्रेच्या दिवशी कुस्त्यांचा फड रंगावा, ही येथील रीतच आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर नावाच्या लहानशा खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. स्वतंत्र भारताला ऑलिंपिक स्पर्धेतील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे मल्ल ते हेच.

खाशाबांचे वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. वडिलांच्या नजरेखाली बालवयातच ते आखाड्याच्या तांबड्या मातीत उतरले. त्यांची उंची बेताची होती. परंतु अंगी विलक्षण चपळाई होती. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत घट्ट धरून त्याला क्षणार्धात जमिनीवर फेकण्यात त्यांचा हातखंडा होता.

त्यांचे शालेय शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. १९४२ साली स्वातंत्र्याचा लढा पेटला, तेव्हा सातारा जिल्हा त्यात आघाडीवर होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोचवणे, ही जोखमीची कामे विद्यार्थिदशेतील खाशाबांनी केली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लविद्येला उदार आश्रय दिला होता व कुस्त्यांसाठी खासबागेचे विशाल मैदान बांधले होते. अशा या कुस्तीच्या पंढरीत खाशाबांच्या गुणांना चांगले पैलू पडले.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक स्पर्धा भरली. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलला, म्हणून खाशाबांना तेथे जाता आले. परंतु तेथील कुस्ती निराळी होती. आपल्याकडे कुस्ती मातीत होते आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली, म्हणजेच ती निकाली ठरते. तेथे मातीऐवजी मॅट, म्हणजे मऊ गादी होती. कुस्तीला वेळेचे बंधन होते आणि त्या वेळात कुस्ती चितपट झाली नाही, तर पंच आपला निर्णय देत. आयुष्यभर मातीत खेळलेल्या मल्लाला गादीवर पावलांचा अंदाज नव्याने बांधावा लागतो. लंडनमध्ये रीस गार्डनर या अनुभवी मल्लाने खाशाबांना नव्या पद्धतीचे थोडे शिक्षण दिले. एवढ्या तुटपुंज्या तयारीवर खाशाबा ५२ किलो वजनाच्या गटात जगात सहावे आले. या यशाने इतरांना नवल वाटले. खाशाबांचे मात्र समाधान झाले नाही. पुढील स्पर्धेला चार वर्षे अवकाश होता. तेवढ्या काळात त्यांनी कसून मेहनत केली आणि आपले वजन वाढवून ते ५७ किलोच्या गटात उतरले.

१९५२ ची स्पर्धा फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे होती. तेथे पोचण्याची वाट अवघड ठरली. निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाला, असे खाशाबांना वाटले. तेव्हा निराश होऊन घरी न बसता त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी ती जिंकून आपली योग्यता सिद्ध केली. निवड तर झाली. आता प्रश्न पैशांचा होता. गोळेश्वरच्या व कऱ्हाडच्या लोकांनी यथाशक्ति वर्गणी गोळा केली, पण ती पुरेना. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर पुढे झाले. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपला विद्यार्थी जिंकेल की हरेल, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्याला संधी मिळालीच पाहिजे, एवढेच ते जाणत होते.

हेलसिंकीत खाशाबांनी या विश्वासाचे चीज केले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांवर त्यांनी मात केली. नंतर त्यांची गाठ जपानचे शोहाची इशी व सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह या दोन कसलेल्या मल्लांशी पडली. दोन कुस्त्यांच्या मध्ये काही काळ विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु खाशाबांना ती मिळाली नाही आणि त्यांची बाजू मांडण्यास एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेल्या देहानिशी ते झुंजले. या दोन्ही कुस्त्या त्यांच्या हातून गेल्या. इशी यांना सुवर्णपदक, मम्मदबेयोव्ह यांना रौप्यपदक आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तो दिवस २३ जुलै १९५२ चा होता. यापूर्वी स्वतंत्र भारताला ऑलिंपिक पदक मिळाले होते, ते हॉकीच्या संघाला. एकट्या खेळाडूने पदक मिळवण्याची ही पहिलीच वेळ होती.

खाशाबा मायदेशी परतले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. ढोल-ताशांच्या गजरात सारा परिसर दुमदुमून गेला. या सत्कारात खाशाबांना आपल्या ऋणाचा विसर पडला नाही. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः आखाड्यात उतरून कुस्त्या जिंकल्या आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे गहाण घर सोडवून दिले. हेलसिंकीत त्यांनी देशाचे नाव राखले. कोल्हापुरात त्यांनी गुरूचे घर राखले.

१९५५ साली ते मुंबईच्या पोलीस दलात फौजदार म्हणून रुजू झाले. पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढील ऑलिंपिकचे त्यांचे स्वप्न अपुरे राहिले. सुमारे सत्तावीस वर्षे सेवा करून ते सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी कऱ्हाडजवळ रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला.

त्यांच्या हयातीत त्यांच्या पराक्रमाची जेवढी बूज राखली जावयास हवी होती, तेवढी राखली गेली नाही. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार आणि भारत सरकारचा अर्जुन पुरस्कार हे दोन्ही त्यांना मरणोत्तर मिळाले. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला २०१० साली त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्यानंतर दुसऱ्या भारतीय खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले आणि कुस्तीतील दुसरे पदक तर २००८ साली मिळाले. यावरून खाशाबांची झेप किती मोठी होती, हे ध्यानी येते. त्या झेपेला बळ पुरवले ते तालमीतील कष्टांनी, गावकऱ्यांच्या वर्गणीने आणि गहाण पडलेल्या एका घराने. म्हणूनच खाशाबांच्या त्या पदकात गोळेश्वरच्या मातीचाही वाटा आहे.