वालचंद हिराचंद यांनी उद्योगात आणलेला गंजावरचा उपाय आजही आपल्या पायाखाली आहे

भिगवण ज्या इंदापूर तालुक्यात येतं, त्याच तालुक्यात वालचंदनगर आहे. हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते वालचंद हिराचंद साखर, जहाजं, विमानं आणि मोटारींसाठी ओळखले जातात. पण त्यांचा एक उद्योग जमिनीखालचा होता. पाइपचा!

वालचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा. घरच्या धंद्यात मन रमेना, म्हणून लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत ते रेल्वेची कंत्राटं घेऊ लागले. सुरुवात बार्शी लाइट रेल्वेपासून झाली. १९२६ मध्ये त्यांनी इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढली.

यात नवीन काय होतं?

लोखंडी पाइप ओल्या मातीत गंजतो. ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर ह्यूम यांनी १९१० च्या सुमारास वेगळी युक्ती काढली. साच्यात सळ्यांचा सांगाडा ठेवायचा, साचा जोरात फिरवायचा आणि आत काँक्रीट भरायचं.

काँक्रीट अल्कधर्मी असतं. त्यामुळे सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि गंज रोखला जातो. मात्र तड्यांतून खारट पाणी शिरलं की हा थर मोडतो.

१९५३ मध्ये वालचंद गेले. १९७० च्या दशकात जपानच्या तोहोकू विद्यापीठात क्रोमियम आणि फॉस्फरस मिसळलेले अमॉर्फस लोखंडी मिश्रधातू तयार झाले. त्यांच्यातले अणू काचेसारखे विस्कळीत असतात. त्यांच्यावर असाच संरक्षक थर आपोआप बसतो, तोही आम्लात टिकणारा.

असे मिश्रधातू महाग पडतात. म्हणूनच गावच्या रस्त्याखालच्या मोरीत आजही ह्यूम पाइपच दिसतो.