हिमसागराचा यात्रिक

फ्रान्समधील विख्यात मज्जारोगतज्ज्ञ शार्को यांच्या घरी १८६७ साली झाँ-बातिस्त यांचा जन्म झाला. बालपणापासून त्यांना समुद्राची विलक्षण ओढ. तथापि पित्याच्या इच्छेस मान देऊन त्यांनी वैद्यकाचा मार्ग धरला. १८९३ साली पिता निवर्तले व मोठी संपत्ती हाती आली. सुखात आयुष्य घालविणे सहज शक्य होते. पण शार्को यांनी त्या धनातून तीन डोलकाठ्यांचे जहाज बांधविले.

१९०३ साली ते उत्तरेकडे जाणार होते. इतक्यात स्वीडनचे संशोधक नॉर्डेनशिल्ड दक्षिण ध्रुवप्रदेशात बेपत्ता झाल्याची वार्ता आली. शार्को यांनी तत्काळ आपला बेत बदलला. दक्षिण अमेरिकेस पोहोचताच नॉर्डेनशिल्ड यांची सुटका झाल्याचे कळले. तरीही ते मागे फिरले नाहीत. १९०४ चा कडक हिवाळा त्यांनी बर्फाने वेढलेल्या एका बेटापाशी काढला. किनारे, वारे व जीवसृष्टी यांचा अभ्यास अखंड चालू होता.

मोहिमेतील प्राणिशास्त्रज्ञ तुर्के यांनी जे प्राणी जमविले, त्यांत काही अष्टपाद, म्हणजे ऑक्टोपस होते. पॅरिसच्या जुबें यांनी १९०५ साली त्यांतील एका जातीस शार्को यांचे व दुसरीस तुर्के यांचे नाव दिले. तुर्के यांच्या नावाचा अष्टपाद सुमारे हजार मीटर खोलीपर्यंतच्या अतिथंड पाण्यात आढळतो. त्याची पिले प्रवाहाबरोबर वाहत न जाता तळाशीच राहतात. त्यामुळे दूरदूरच्या समुद्रांतील अष्टपादांची सहसा सरमिसळ होत नाही.

शार्को यांनी १९०८ ते १९१० या काळात पुन्हा दक्षिणेची सफर करून अज्ञात किनाऱ्यांचे नकाशे तयार केले. या दुसऱ्या जहाजाचे नाव होते ‘का नाही?’ याच जहाजाला १६ सप्टेंबर १९३६ रोजी आइसलँडजवळ वादळाने गाठले. एकच खलाशी वाचला. शार्को एकोणसत्तर वर्षांचे होते.

त्यांच्या मोहिमेचे फळ मात्र बुडाले नाही. सध्या पश्चिम अंटार्क्टिकाच्या प्रचंड बर्फामुळे दोन बाजूंचे समुद्र एकमेकांपासून विभक्त आहेत. २०२३ साली शास्त्रज्ञांनी तुर्के यांच्या नावाच्या अष्टपादांची जनुके तपासली. तेव्हा सुमारे सव्वा लक्ष वर्षांपूर्वी या दोन्ही बाजूंचे अष्टपाद एकत्र आल्याच्या खुणा आढळल्या. त्या काळी मधला बर्फ वितळून समुद्र मोकळा झाला होता, हे त्यावरून दिसून आले. पृथ्वी तापत राहिली तर पुन्हा तसेच घडून जगातील सखल किनारे पाण्याखाली जातील. वडिलार्जित धन वेचून शार्को यांनी मिळविलेले ज्ञान आज साऱ्या मानवजातीस सावध करीत आहे.