जोव्हान्नी फ्रान्चेस्को जेमेल्ली कारेरी

जोव्हान्नी फ्रान्चेस्को जेमेल्ली कारेरी (जन्म : इ.स. १६५१ च्या सुमारास, रादिचेना, कालाब्रिया. मृत्यू : इ.स. १७२५ च्या सुमारास, नेपल्स) हे सतराव्या शतकातील इटालियन कायदेपंडित, जगप्रवासी व प्रवासवर्णनकार होते. इ.स. १६९३ ते १६९८ या काळात त्यांनी स्वखर्चाने पृथ्वीप्रदक्षिणा केली. या प्रवासात इ.स. १६९५ मध्ये ते दमण, वसई, साष्टी बेट व गोवा येथे आले आणि कृष्णाकाठी गलगली येथील छावणीत त्यांनी मोगल बादशहा औरंगजेबाची भेट घेतली. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आदी मुंबईची उपनगरे ज्या भूमीवर वसली आहेत, त्या साष्टीतील कष्टकरी रयतेच्या स्थितीचे आणि कान्हेरी लेण्यांचे त्यांनी केलेले वर्णन हे पोर्तुगीज अमदानीतील उत्तर कोकणच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन मानले जाते. मराठी लेखनात त्यांचे नाव जेमेली करेरी, जेमेली कॅरेरी अशा रूपांतही आढळते.

नाव व आडनाव

'जोव्हान्नी फ्रान्चेस्को' हे त्यांचे जोडनाव असून 'जेमेल्ली कारेरी' हे जोडआडनाव आहे. त्यातील 'जेमेल्ली' या इटालियन शब्दाचा अर्थ 'जुळे' असा होतो. हे आडनाव इटलीत बऱ्यापैकी परिचित आहे. विसाव्या शतकात मिलान येथील कॅथलिक विद्यापीठाची स्थापना करणारे फ्रान्सिस्कन धर्मगुरू व मानसशास्त्रज्ञ आगोस्तिनो जेमेल्ली (१८७८–१९५९) यांच्यामुळे ते जगभर पोहोचले. पोपवर उपचार होणारे रोममधील जेमेल्ली रुग्णालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

आडनावाचा दुसरा भाग, म्हणजे 'कारेरी', मात्र विरळ आहे. इटलीच्या दक्षिण टोकाशी असलेल्या कालाब्रिया प्रांतात, रेज्जो कालाब्रियाच्या परिसरात, कारेरी नावाचे एक लहानसे गाव आजही आहे. गावाच्या नावावरून आडनाव पडण्याची प्रथा इटलीत जुनी आहे. मराठीत गावाच्या नावाला 'कर' प्रत्यय लागून आडनाव तयार होते. इटालियन भाषेत पुष्कळदा गावाचे नाव जसेच्या तसे आडनाव म्हणून वापरले जाते. रोस्सी, फेरारी, रुस्सो ही आडनावे इटलीत सर्वत्र भेटतात. त्यांच्या तुलनेत कारेरी हे आडनाव धारण करणारी कुटुंबे थोडी आहेत. आधुनिक काळात चालण्याच्या कलेविषयी व नगररचनेविषयी लिहिणारे वास्तुविशारद फ्रान्चेस्को कारेरी यांच्या ग्रंथांमुळे ते अभ्यासकांना परिचित झाले आहे.

आरंभीचे जीवन

कारेरी यांचा जन्म रादिचेना येथे झाला. हे गाव इ.स. १९२८ मध्ये शेजारच्या गावांशी जोडले जाऊन तौरिआनोव्हा या नगराचा भाग बनले. त्या काळी दक्षिण इटलीवर स्पेनच्या राजाची सत्ता होती. कारेरी यांनी नेपल्स येथे जेझुइटांच्या विद्यालयात शिक्षण घेऊन कायद्याची पदवी मिळवली आणि नेपल्सच्या राज्यात न्यायखात्यातील पदांवर काम केले. तथापि उच्च कुळाचा आधार नसल्यामुळे त्यांची बढती खुंटली, असे त्यांच्या चरित्रकारांचे मत आहे. इ.स. १६८५ च्या सुमारास त्यांनी नोकरी बाजूला ठेवून युरोपचा प्रवास आरंभिला. तुर्कांविरुद्ध हंगेरीत चाललेल्या युद्धातही ते सहभागी झाले. या पहिल्या भ्रमंतीचे वर्णन इ.स. १६९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी जून महिन्यात ते जगप्रवासास निघाले. ते कोणाचे वकील नव्हते, धर्मप्रसारक नव्हते, की कोणत्याही व्यापारी कंपनीचे चाकरही नव्हते. मिळेल त्या गलबतातून किंवा काफिल्याबरोबर प्रवास करायचा, एका बंदरात माल खरेदी करून तो पुढील बंदरात विकायचा आणि त्या नफ्यातून वाटखर्च भागवायचा, अशी त्यांची पद्धत होती. कोणत्या ठिकाणी कोणता माल घ्यावा, याच्या सूचनाही त्यांनी आपल्या ग्रंथात दिल्या आहेत. ईजिप्त, पॅलेस्टाइन, तुर्कस्तान, आर्मेनिया व इराण हे प्रदेश पाहून ते इराणच्या आखातातून जलमार्गाने हिंदुस्थानकडे वळले आणि इ.स. १६९५ च्या जानेवारीत पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमण येथे उतरले.

वसई व साष्टी

दमणहून सुरतेस जाऊन आल्यावर कारेरी वसईस आले. वसई ही पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'ची राजधानी होती. मात्र तिचे वैभव तोपर्यंत उतरणीस लागले होते. शहराचे रस्ते रुंद व सरळ असल्याचे त्यांनी नमूद केले आहे. त्याचबरोबर 'काराझ्झो' नावाच्या महामारीमुळे शहराचा उत्तरेकडील सुमारे एक तृतीयांश भाग ओस पडल्याचेही त्यांनी नोंदविले आहे. शहराबाहेरील बागायत, उसाचे मळे आणि तेथे राहणाऱ्या पोर्तुगीज सरदारांच्या वाड्या यांचे त्यांनी कौतुकाने वर्णन केले आहे.

वसईची खाडी ओलांडून ते साष्टी बेटावर आले. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख; पोर्तुगीजांनी त्याचे 'सालसेत' केले. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि दक्षिणेस वांद्रे-कुर्ल्याकडील माहीमची खाडी यांच्यामधील या बेटावर तेव्हा भातशेती, ऊस, ताडामाडाच्या वाड्या आणि दाट रान होते. जमीन सुपीक असूनही गावे दरिद्री असल्याचे कारेरी यांच्या नजरेतून सुटले नाही. कूड व गवताने शाकारलेल्या झोपड्यांतून हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती शेतकरी राहत होते.

या दारिद्र्याचे कारणही त्यांनी शोधले. पोर्तुगीज राजाने साष्टीतील गावे सरदारांना, सैनिकी सेवा केलेल्या व्यक्तींना आणि धर्मसंघांना ठराविक सारा घेऊन दिली होती. जमीन धारण करणारा हा वर्ग छोट्या राजांसारखा राहत असे. कारेरी यांच्या म्हणण्यानुसार कुळांची स्थिती युरोपातील मांडलिक रयतेपेक्षाही वाईट होती. गावाच्या मालकाची जमीन कसणे किंवा खंड भरता येईल इतकी जमीन पत्करणे त्यांना भाग होते. एखादा शेतकरी एक गाव सोडून दुसऱ्या गावी पळाला, तर मालक त्याला बळजबरीने परत आणीत असे. साष्टीतील जमिनीचा मोठा व चांगला वाटा वांद्र्याच्या जेझुइटांकडे असल्याचेही त्यांनी सांगितले आहे. हे निरीक्षण करणारी व्यक्ती स्वतः कॅथलिक होती, जेझुइटांच्या विद्यालयात शिकलेली होती आणि पोर्तुगीजांचे आदरातिथ्य घेत होती. त्यामुळे या साक्षीला विशेष वजन प्राप्त होते.

कान्हेरी लेण्यांचे वर्णन

साष्टीतील मुक्कामात कारेरी यांनी मुद्दाम वाट वाकडी करून कान्हेरी लेणी पाहिली. बोरिवलीच्या पूर्वेस, सध्याच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असलेला हा बौद्ध लेणीसमूह इ.स.पू. पहिल्या शतकापासून सुमारे एक हजार वर्षे घडत गेला. त्यात शंभरहून अधिक लेणी आहेत. कारेरी यांनी या स्थळाला 'कानारिनचे देवालय' म्हटले आहे. स्तंभयुक्त चैत्यगृह, त्याच्या ओवरीतील बुद्धाच्या सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या मूर्ती, डोंगर चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, निवासाच्या खोल्या व खडकात खोदलेली पाण्याची टाकी यांनी ते विस्मित झाले.

आपल्यापूर्वी कोणत्याही प्रवाशाने या स्थळाविषयी लिहिलेले नाही, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात सोळाव्या शतकात जुआंव द कास्त्रो व गार्सिया द ओर्ता यांनी आणि कारेरी यांच्या सुमारे वीस वर्षे आधी इंग्रज वैद्य जॉन फ्रायर यांनी कान्हेरीची दखल घेतली होती. तरीही कारेरी यांचे वर्णन अधिक तपशीलवार आहे. ही लेणी अलेक्झांडरच्या काळातील असल्याची त्या वेळची दंतकथाही त्यांनी नोंदविली आहे. लेण्यांतील ब्राह्मी लेख तेव्हा कोणालाही वाचता येत नव्हते. इ.स. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केल्यानंतर अशा स्थळांचा खरा इतिहास समजू लागला.

गोवा व औरंगजेबाची छावणी

वसईहून कारेरी गोव्यास गेले आणि तेथून फोंडामार्गे घाट चढून मार्च १६९५ मध्ये कृष्णातीरावरील गलगली (सध्या कर्नाटकातील बागलकोट जिल्हा) येथे पोहोचले. त्या वेळी छत्रपती राजाराम महाराज जिंजी येथे होते आणि मराठ्यांशी चाललेले मोगलांचे युद्ध संपण्याची चिन्हे नव्हती. छावणीत साठ हजार घोडदळ, एक लाख पायदळ, पन्नास हजार उंट व तीन हजार हत्ती असून व्यापारी व बाजारबुणगे धरून एकूण लोकसंख्या पाच लाख असल्याचे कारेरी यांनी ऐकले. छावणीचा घेर तीस मैल होता आणि तीत अडीचशे बाजार होते, असे त्यांनी लिहिले आहे. हे आकडे ऐकीव असल्याने अतिशयोक्त असू शकतात.

औरंगजेबाचे त्यांनी रेखाटलेले शब्दचित्र मात्र प्रत्यक्षदर्शी आहे. ठेंगणा व सडपातळ बांधा, मोठे नाक, वयोमानाने वाकलेली पाठ, सावळ्या चेहऱ्यावर उठून दिसणारी पांढरी दाढी आणि चष्म्याशिवाय अर्ज वाचून त्यांवर स्वतः शेरे लिहिणारा वृद्ध बादशहा त्यांनी वाचकांपुढे उभा केला आहे.

उर्वरित प्रवास व ग्रंथ

गोव्याहून कारेरी मकाव येथे गेले आणि तेथून पेकिंगपर्यंत पोहोचले. त्यानंतर फिलिपाईन्समधील मनिला येथून निघालेल्या स्पॅनिश गलबताने सुमारे सात महिन्यांचा खडतर प्रवास करून इ.स. १६९७ च्या आरंभी ते मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरात उतरले. मेक्सिकोतील विद्वान कार्लोस द सिग्वेन्सा इ गोंगोरा यांनी त्यांना प्राचीन मेक्सिकन चित्रांविषयी माहिती पुरविली. हवाना व स्पेनमार्गे डिसेंबर १६९८ मध्ये ते नेपल्सला परतले.

या प्रवासाचे वर्णन 'जिरो देल मोंदो' (जगाची फेरी) या नावाने इ.स. १६९९–१७०० मध्ये नेपल्स येथे सहा खंडांत प्रसिद्ध झाले. त्यातील तिसरा खंड हिंदुस्थानविषयी आहे. इ.स. १७०४ मध्ये इंग्रजी व १७१९ मध्ये फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध झाले.

विश्वासार्हतेचा वाद

अठराव्या शतकात कारेरी यांच्यावर कठोर आक्षेप घेतले गेले. हा प्रवास काल्पनिक असून त्यांनी घरी बसून इतरांच्या पुस्तकांवरून ग्रंथ रचला, असे काहींनी म्हटले. विशेषतः चीनविषयीच्या भागाबद्दल संशय व्यक्त झाला. आधीच्या लेखकांचा मजकूर त्यांनी वापरला, हे खरे आहे. मोगल साम्राज्याविषयीच्या त्यांच्या सर्वसाधारण माहितीत पूर्वीच्या फ्रेंच प्रवाशांचा ऋणनिर्देश न केलेला आधार दिसतो. तथापि मेक्सिकोत स्वतः फिरलेले जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट यांनी कारेरी यांची स्थलवर्णने प्रत्यक्ष पाहणाऱ्याचीच असल्याचे प्रतिपादन केले.

भारतात मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक सुरेंद्रनाथ सेन यांनी थेव्हनो व कारेरी यांच्या भारतविषयक प्रवासवर्णनांची संपादित आवृत्ती सिद्ध केली. ती इ.स. १९४९ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागारातर्फे प्रसिद्ध झाली. वाचलेली, ऐकलेली व पाहिलेली माहिती वेगळी करून हा ग्रंथ वाचावा लागतो. साष्टी, कान्हेरी व गलगली यांविषयीची वर्णने पाहिलेल्या माहितीत मोडतात.

साष्टीतील आडनावे व कारेरी यांचे स्थान

कारेरी यांच्या भेटीनंतर अवघ्या चार दशकांत साष्टीचे चित्र पालटले. इ.स. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी जिंकली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. इ.स. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतल्यावर साष्टी त्यांच्याकडे गेली. पोर्तुगीज जमीनदार गेले, परंतु त्यांची आडनावे राहिली. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू, धर्मपिता किंवा आश्रयदाता यांच्याकडून मिळालेली परेरा, डिमेलो, डिसोझा, गोन्साल्विस, फर्नांडिस ही आडनावे अंधेरी, मरोळ, मालाड, बोरिवली, गोराई आदी ठिकाणच्या गावठाणांतील ईस्ट इंडियन समाजात आजही सर्रास आढळतात. या समाजाची परंपरागत बोली मात्र मराठीच आहे.

इटालियन आडनावे या भूमीत रुजली नाहीत. इ.स. १३२१ मध्ये ठाणे येथे मारले गेलेले तोलेंतिनोचे तोमासो आणि त्यांच्या अस्थी चीनला नेणारे पोर्देनोनेचे ओदोरिको हे आपापल्या गावाच्या नावाने ओळखले जात. इ.स. १७२० पासून मुंबई बेटावर कार्यरत झालेल्या इटालियन कार्मेलाइट धर्मगुरूंनी कुळाचे नाव टाकून संतांची नावे धारण केली होती. कारेरी हे तर काही दिवसांचे पाहुणे होते. त्यामुळे साष्टीत 'कारेरी' हे नाव कोणत्याही घराण्यात उरले नाही. ते केवळ ग्रंथातून ज्ञात आहे.

ज्या शेतकऱ्यांविषयी त्यांनी लिहिले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव कारेरी यांच्या ग्रंथात येत नाही. त्यांच्या अनेक वंशजांनी मालकांची आडनावे धारण केली. तरीही ते कसे राहत होते आणि गाव सोडण्याचे स्वातंत्र्यही त्यांना नव्हते, ही गोष्ट कारेरी यांनी लिहून ठेवली. इ.स. १९५० व १९५७ मध्ये टप्प्याटप्प्याने बृहन्मुंबईत सामील झालेल्या या उपनगरांच्या पूर्वेतिहासासाठी त्यांची साक्ष आजही उपयुक्त आहे.