कमल रणदिवे : दोनशे पेपर आणि त्यापलीकडे

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आलं की एक प्रश्न सगळीकडून ऐकू येतो. पेपर पब्लिश झाला का? फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळा कॉलम असतो. मेसमध्ये पोळीची वाट बघतानासुद्धा हल्ली कोणाला किती सायटेशन मिळाली यावर चर्चा रंगते. सायटेशन म्हणजे आपल्या पेपरचा दुसऱ्या कोणी त्यांच्या पेपरमध्ये केलेला उल्लेख. आमच्या ग्रुपचाही एक पेपर तयार होत होता आणि त्यावर सहा नावं होती. त्यातलं एक माझं. त्याबद्दल शेवटी सांगते.

मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे हा लेख लिहिताना आईला फोन करून करून शब्द विचारले आहेत. तरी चुका राहिल्या असतील तर सांभाळून घ्या.

८ नोव्हेंबर २०२१ ला गूगलच्या पानावर एका मराठी बाईंचं चित्र आलं होतं. तेव्हा मी शाळेत होते. डॉ. कमल रणदिवे हे नाव वाचलं आणि विसरूनही गेले. यंदा पेपरच्या भानगडीत पडल्यावर ते नाव परत समोर आलं. त्यांच्याबद्दल जिथे वाचावं तिथे एक वाक्य हमखास असतं, की त्यांनी कर्करोग आणि कुष्ठरोग यांवर दोनशेहून जास्त शोधनिबंध लिहिले. मी हिशेब केला. आम्हाला एक होत नाहीये आणि यांचे दोनशे! मग त्या कोण होत्या हे शोधायला बसले.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही केलं नाही! १३ मे १९३९ रोजी गणितज्ञ ज. त्रि. रणदिवे यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. १९४३ मध्ये त्यांनी पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एम. एस्सी. केलं. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी. म्हणजे वनस्पतीपासून सुरुवात करून ही बाई कर्करोगाकडे गेली. ब्रँच बदलायला घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. भारतातल्या विकृतिशास्त्राचे, म्हणजे पॅथॉलॉजीचे, ते जनक मानले जातात. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत टिश्यू कल्चर शिकायला गेल्या. टिश्यू कल्चर म्हणजे शरीरातल्या पेशी बाहेर काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून वाढवणे. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेला नावाच्या पेशी वाढू लागल्या, ज्या आजही जगभर वापरल्या जातात. त्या हेन्रिएटा लॅक्स नावाच्या रुग्ण बाईच्या होत्या. तिला न विचारता घेतलेल्या. हजारो पेपरांमध्ये त्या पेशी आल्या, पण त्या बाईचं खरं नाव कित्येक वर्षं लोकांना माहीत नव्हतं.

कमलताई परत आल्या. तिकडे राहणं सोपं होतं, पण त्या आल्या आणि मुंबईत त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. देशातल्या अशा पहिल्या प्रयोगशाळांमध्ये ती मोजली जाते. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे आयसीआरसीमध्ये, त्यांनी कर्करोगाची कारणं, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशक्ती यांचे विभाग घडवले. परदेशी गेलेल्या तरुण शास्त्रज्ञांना त्यांनी इथे परत यायला लावलं. उंदरांवर प्रयोग करून स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता, हार्मोन आणि विषाणू यांचा एकमेकांशी संबंध त्यांनी तपासला. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची जबाबदारीही सांभाळली.

आता सायटेशनची गंमत बघा. कमलताईंना मेडिकल कौन्सिलचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला तो १९६४ साली. यूजीन गारफिल्ड यांनी अमेरिकेत सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू केला तोही १९६४ सालीच. कोणी कोणाचा उल्लेख केला याचा पद्धतशीर हिशेब तिथून सुरू झाला. आज ज्याच्यामागे सगळे पळतात तो एच-इंडेक्स तर २००५ चा. दहा पेपरांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन असतील तर एच-इंडेक्स दहा, इतकं ते सोपं गणित आहे. म्हणजे कमलताई काम करत होत्या तेव्हा हा आकडा जन्मालाच आला नव्हता. २००१ मध्ये त्या गेल्या, त्यानंतर चार वर्षांनी तो आला.

हे आकडे फसवतातही. कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं की कॉलऱ्याचे जंतू एक विष तयार करतात आणि त्याच्यामुळे जुलाब होतात. इतका मोठा शोध, पण कित्येक वर्षं आपल्याकडे त्यांना कोणी विचारलं नाही. ते १९८५ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या कामाचं महत्त्व सांगणारा लेख लिहिला तो याच गारफिल्डनी, सायटेशन मोजून. म्हणजे मोजणी वाईट नाही. फक्त ती उशिरा पोचते.

कमलताईंच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो एका पेपरने. १९५८ मध्ये सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर या तिघांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये सापडला, पण तो कृत्रिमरीत्या वाढवणं आजपर्यंत कोणालाही जमलेलं नाही. त्यामुळे हा तोच जंतू, हे जगाने मान्य केलं नाही. तो त्याच्या जवळच्याच दुसऱ्या प्रजातीतला ठरला. म्हटलं तर फसलेला पेपर. पण तो जंतू त्यांनी जपून ठेवला, वाढवत ठेवला. १९७९ मध्ये डॉ. एम. जी. देव यांनी त्याच्यापासूनच कुष्ठरोगावरची लस तयार केली. दक्षिण भारतात तिची इतर लसींबरोबर मोठी चाचणी झाली. १९९८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचं दिसलं. प्रत्यक्षात रोग आटोक्यात आणला तो औषधांनीच, हे खरं. तरीही, ज्या पेपरचा दावा टिकला नाही त्याच्या बाटलीतून पुढे लस निघाली, हे कुठल्या कॉलममध्ये लिहिणार?

आणि काही गोष्टी तर कुठेच मोजल्या जात नाहीत. १९७३ मध्ये कमलताईंनी काही जणींना घेऊन इंडियन वुमन सायंटिस्ट्स असोसिएशन ही संस्था काढली. तिचं मुख्य केंद्र आपल्या वाशीला आहे. तिथे नोकरदार स्त्रियांसाठी हॉस्टेल आहे, पाळणाघर आहे, बालवाडी आहे. प्रयोग अर्धा सोडून बाळासाठी घरी पळावं लागू नये म्हणून काय काय लागतं, हे त्यांना बरोबर माहीत असणार. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या मुलीला याचं मोल वेगळं सांगायला नको. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात सत्यनिकेतन संस्थेबरोबर आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करत होत्या, खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देत होत्या.

खांदेश्वरहून मुंबईकडे जाणारी लोकल पकडली की दुसरं स्टेशन खारघर. तिथे टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक आहे. कमलताईंची संशोधन संस्था पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाली आणि २००२ पासून तिचं काम तिथे चालतं. तशीच पुढे लोकल वाशीला जाते. दोन वर्षं मी या गाडीने जातेय आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आता आमच्या पेपरबद्दल. ज्या महिन्यात ग्रुपने सगळी रीडिंग घेतली त्या महिन्यात मी काविळीने घरी झोपून होते. मैत्रिणींनी प्रेमाने माझं नाव घातलं होतं आणि मीही गप्प होते, कारण कॉलम भरत होता. हा लेख लिहून झाला त्या संध्याकाळी मी त्यांना माझं नाव काढायला सांगितलं. थोडी वादावादी झाली, एक जण अजून रुसलेली आहे. पेपर गेला. त्यावर पाच नावं आहेत.

फॉर्ममधल्या त्या कॉलममध्ये माझ्यापुढे शून्य आहे. पुढच्या सेमिस्टरला रीडिंग मी घेणार आहे.