सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या : तज्ज्ञाचे राज्य आणि त्याची सीमा

चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना आपल्यासमोर प्रामुख्याने संत, समाजसुधारक आणि राजकीय पुढारी येतात. या घटकात आपण एका अभियंत्याचे चरित्र पाहणार आहोत. धरणे, कालवे आणि कारखाने यांत रमलेल्या माणसाचे आयुष्य साहित्याच्या विद्यार्थ्याने का अभ्यासावे, असा प्रश्न तुमच्या मनात येणे साहजिक आहे. या आयुष्यात एक मोठा प्रश्न अत्यंत स्पष्ट रूपात उभा राहतो, म्हणून आपण ते निवडले आहे. राज्यकारभाराचे निर्णय कोणी घ्यावेत? ज्याला विषयाचे ज्ञान आहे त्याने, की ज्याच्या जगण्यावर त्या निर्णयाचा परिणाम होणार आहे त्याने? विश्वेश्वरय्यांनी आपले उत्तर आयुष्यभर ठामपणे दिले, आणि एकदा त्या उत्तरासाठी दिवाणपदही सोडले.

जडणघडण

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे विद्वान होते. घरी विद्या होती, पैसा नव्हता. वडिलांचे छत्र लवकर हरपले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी १८८१ मध्ये बी. ए. ची पदवी मिळवली आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अभियांत्रिकी शिकण्यासाठी आले. १८८३ च्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. ही शिष्यवृत्ती तुम्ही ध्यानात ठेवा. सरकारने योग्य वेळी दिलेला हात माणसाला कोठवर नेतो, याचे ते स्वतःच उदाहरण होते. पुढे १९१८ साली जो वाद उभा राहिला, त्यात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

१८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. नाशिक, खानदेश, सिंधमधील सक्कर, सुरत, पुणे असा त्यांच्या नोकरीचा प्रवास झाला. पुण्यात न्यायमूर्ती रानडे व गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा परिचय झाला. देशाच्या दारिद्र्याचे कारण उद्योगांच्या अभावात शोधण्याची रानड्यांची दृष्टी त्यांच्या पुढील सर्व विचारांत दिसते.

पाण्याची वाटणी

आता आपण त्यांच्या दोन कामांकडे जरा सावकाश पाहू. पहिले खडकवासल्याचे. या तलावाच्या सांडव्यावरून पावसाळ्यात पुष्कळ पाणी वाहून जाई. साठा वाढवायचा तर भिंत उंच करावी लागणार, आणि जुन्या भिंतीवर तेवढा भार टाकणे धोक्याचे. विश्वेश्वरय्यांनी सांड्व्यावर लोखंडी दारे बसवली. त्यांच्यामुळे सुमारे ८ फूट जादा पाणी अडवता येई. पातळी ठरलेल्या मर्यादेवर गेली की पाण्याच्याच जोरावर दारे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की मिटत. १९०३ साली ही योजना अमलात आली. रात्री-बेरात्री दार उघडण्यासाठी माणसाची वाट पाहावी लागू नये, ही त्यामागची कल्पना होती. योग्य निर्णय यंत्राच्या रचनेतच आधी घालून ठेवावा, म्हणजे माणसाची चूक, आळस आणि पक्षपात यांना वाव उरत नाही. विश्वेश्वरय्यांच्या पुढच्या राज्यकारभाराचे बीज मला या दारांत दिसते.

दुसरे काम नीरा कालव्यावरचे. कालव्याच्या वरच्या अंगाचे बागायतदार उसाला भरमसाट पाणी घेत. जमिनी चिबड होत, हिवताप पसरे, आणि खालच्या गावांना पाणी पोहोचत नसे. १८९९ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली. लाभक्षेत्राचे गट पाडायचे, प्रत्येक गटात ऊस ठराविक हिश्श्यापुरताच ठेवायचा, उरलेल्या जमिनीत कमी पाण्याची पिके घ्यायची, आणि हा क्रम फिरता ठेवायचा. तेवढ्याच पाण्यात अधिक गावे भिजावीत, हा हेतू. आरंभी बागायतदारांनी विरोध केला. ज्यांना पाणी मिळतच नव्हते, त्यांना विरोध करण्याचे कारण नव्हते.

तुमच्यापैकी जे धुळे-नाशिककडचे असतील त्यांना येथे फड पद्धत आठवेल. पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांखाली शतकानुशतके शेताचे फड पाडले जात. एका फडात एकच पीक, दर वर्षी पिकांची अदलाबदल, आणि पाणी देण्यासाठी गावाने नेमलेला पाटकरी. विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या आरंभी याच पांझरेच्या परिसरात काम केले होते. दोन्ही पद्धतींत तत्त्व एकच आहे. फरक आहे तो निर्णय घेणाऱ्यात. फडात कोणते पीक कोठे घ्यायचे हे गावाचे पंच ठरवत. ब्लॉकमध्ये ते सरकारी अभियंता ठरवणार होता. अभियंत्याची दृष्टी अधिक विस्तृत होती, कारण त्याला एका गावाऐवजी संपूर्ण कालवा दिसत होता. पंचांना मात्र शेतकरी बांधावर गाठून जाब विचारू शकत असे. तज्ज्ञाच्या राज्यात काय मिळते आणि काय हातचे जाते, हे समजण्यासाठी याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

दिवाण

मुंबई इलाख्यात मुख्य अभियंत्याच्या पदापर्यंत हिंदी माणसाला त्या काळी पोहोचता येत नसे. गुणवत्ता कितीही असली तरी जन्म आडवा येई. १९०८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले होते. निजामाच्या बोलावण्यावरून त्यांनी पूरनियंत्रणाची योजना आखली आणि पुढे तिच्यातून उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. १९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी त्यांना दिवाण नेमले. इतक्या मोठ्या संस्थानाचा कारभार एका अभियंत्याच्या हाती जावा, ही असाधारण घटना होती.

पुढील सहा वर्षांची कामगिरी वाचताना दम लागतो. १९१३ मध्ये म्हैसूर बँक निघाली आणि त्याच वर्षी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. संस्थानी मुलखातले हे पहिले विद्यापीठ. चंदनाच्या तेलाचा कारखाना, बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय, भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची तयारी अशी कामे एकामागून एक हाती घेतली गेली. १९१५ मध्ये कन्नड साहित्य परिषद स्थापन झाली, तिलाही त्यांचे पाठबळ होते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. भाषेचे संवर्धन ही संस्था, नियम आणि अंदाजपत्रक यांच्या साहाय्याने करण्याची गोष्ट आहे, असे हा अभियंता मानत होता. हा विचार कोरडा वाटतो खरा, पण कोश, परिभाषा आणि पाठ्यपुस्तके अशा व्यवस्थेशिवाय तयार होत नाहीत.

या काळातील सर्वांत मोठे काम म्हणजे कावेरीवरील कृष्णराजसागर. कोलारच्या सोन्याच्या खाणींना शिवसमुद्रमहून वीज जात होती आणि तिच्यासाठी नदीला बारमाही पाणी हवे होते. मंड्याच्या कोरडवाहू जमिनीलाही ते हवे होते. खालच्या अंगाच्या मद्रास सरकारने हरकत घेतली. १९११ मध्ये सुरू झालेले बांधकाम, लवाद आणि वाटाघाटी यांतून वाट काढत १९३० नंतर पुरे झाले. चुना आणि सुर्खी यांत बांधलेली ती भिंत आजही उभी आहे. जलाशयाखाली कन्नंबाडी हे गाव गेले आणि गावाबरोबर होयसळ शैलीतील वेणुगोपाळाचे मंदिरही. पुढे अनेक दशके पाणी फार खाली गेले की त्या मंदिराचे दगड दिसू लागत. अलीकडे ते हलवून उंचावर पुन्हा उभारले आहे. धरणाच्या पायथ्याशी असलेली आणि चित्रपटांतून तुम्ही पाहिलेली वृंदावन बाग ही दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या काळातली, म्हणजे नंतरची.

१९१८ चा प्रश्न

म्हैसूरच्या नोकऱ्यांत वरच्या जागी बहुसंख्य ब्राह्मण होते. १९१७ मध्ये ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी प्रजामित्र मंडळी स्थापन केली आणि नोकऱ्यांत वाटा मागितला. महाराजांनी १९१८ मध्ये न्यायाधीश लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना हा मार्ग मान्य नव्हता. शिक्षणाचा प्रसार करावा, मागासलेल्या समाजातील मुलांना शिष्यवृत्त्या द्याव्यात, येथपर्यंत ते तयार होते, आणि तशी पावले त्यांनी उचललीही होती. पण जागा द्यायची ती योग्यतेवरच. जातीवर दिली तर कारभाराची कार्यक्षमता खालावेल, असे त्यांचे मत होते. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी दिवाणपद सोडले. समितीने पुढे शिफारस केली ती अशी : सात वर्षांच्या आत वरिष्ठ जागांपैकी किमान निम्म्या आणि कनिष्ठ जागांपैकी किमान दोन-तृतीयांश जागा ब्राह्मणेतरांकडे असाव्यात.

चरित्रकार या प्रसंगाकडे बहुधा तत्त्वनिष्ठेचे उदाहरण म्हणून पाहतात. तत्त्वनिष्ठा होतीच, सत्ता इतक्या सहज सोडणारी माणसे थोडी. तरीही तुम्ही हा प्रसंग दोन्ही बाजूंनी वाचावा. मुंबई इलाख्यात जन्माच्या भिंतीने स्वतःची वाट अडवलेली त्यांनी अनुभवली होती. म्हैसूरच्या कचेरीतील भिंत मात्र त्यांना भिंत वाटली नाही. तिला ते योग्यतेचा निकष समजले. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या विद्या होती, त्या घरातून आलेल्या दारिद्र्याची आणि ज्या घरात अक्षर कधी शिरलेच नाही तेथील दारिद्र्याची बरोबरी होत नाही. नीरेच्या कालव्यावर हेच तत्त्व त्यांना अचूक कळले होते : वरच्या अंगाला बसलेला माणूस पाणी आपले मानतो, म्हणून वाटणी नियमाने करावी लागते.

कोल्हापूरकडे पाहिले की हा मुद्दा अधिक उलगडतो. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या. भोगावती नदीवरचे राधानगरीचे धरणही त्यांनीच हाती घेतले. ते त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. धरण आणि राखीव जागा यांत त्यांना विरोध दिसला नाही. दोघांच्या स्वभावापेक्षा दोघांच्या स्थानात मला अधिक फरक वाटतो : एक राजा होता, त्याला आपली प्रजा कोण हे रोज दिसत होते, दुसरा प्रशासक होता, त्याच्यासमोर पदे आणि अर्ज येत होते.

विचार करा : तुमच्या गावातील किंवा शहरातील एखादा रस्ता, बंधारा किंवा वसाहत घ्या. तो निर्णय कोणी घेतला, कोणाला विचारले गेले आणि कोणाला नाही, हे वहीत नोंदवा.

नियोजन, मुंबई आणि यंत्रयुग

दिवाणपद सोडल्यानंतरही ते चाळीस वर्षांहून अधिक काळ कार्यरत होते. जानेवारी १९२२ मध्ये मुंबईत भरलेल्या सर्वपक्षीय परिषदेत शंकरन नायर उठून गेल्यावर अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारले. १९३४ मध्ये भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना त्यात आहे. ग्रामोद्योगांना अग्रस्थान देणाऱ्या गांधीजींशी त्यांचा मतभेद होता. परस्परांविषयी आदर असूनही तो मिटला नाही. मोटारीचा कारखाना भारतात निघावा यासाठी त्यांनी केलेल्या खटपटीला सोलापूरचे वालचंद हिराचंद यांची साथ मिळाली, आणि १९४४ मध्ये वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली.

याच मुंबईत, याच दशकात बा. सी. मर्ढेकर कविता लिहीत होते. त्यांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्वेश्वरय्यांना ज्या यंत्रात दारिद्र्यातून सुटका दिसत होती, त्याच यंत्राच्या दात्यांत सापडलेला, नग झालेला माणूस मर्ढेकरांनी मराठी कवितेत आणला. दोघे एकमेकांना उत्तर देत नव्हते. पण नवकवितेचा घटक अभ्यासताना तुम्ही या दोघांना शेजारी ठेवून पाहा. नवकवितेतील अस्वस्थता केवळ युरोपीय वाचनातून आलेली नाही, हे तुमच्या लक्षात येईल. गिरणीचा भोंगा आणि लोकल गाडी ती रोज पुरवत होती.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब देण्यात आला. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पुरते न झालेले पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याची जुनी भिंतही फुटली आणि पुण्याच्या पेठा पाण्याखाली गेल्या. नागरिकांना वेळेवर सूचना मिळाली नव्हती. धरण कोणाच्या चुकीने फुटले याच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, विश्वेश्वरय्यांच्या वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली. १४ एप्रिल १९६२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. मुद्देनहळ्ळीला त्यांचे स्मारक आहे.