डॉक्टरांच्या घरातला दमेकरी

१८८१ चा वसंत. पॅरिसमधल्या ब्वा द बुलोन या वनराईत फिरून परतताना नऊ वर्षांच्या एका मुलाला अचानक श्वास घेता येईना. वडील नामांकित डॉक्टर, कॉलऱ्याच्या साथीचे तज्ज्ञ. पण पोर डोळ्यांदेखत गुदमरत असताना त्यांचाही इलाज चालेना. मुलगा त्या दिवशी वाचला. पुढे तो फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त म्हणून जगाला माहीत झाला. दम्याने मात्र त्यांची पाठ कधी सोडली नाही.

आई-वडिलांच्या निधनानंतर प्रूस्त यांनी स्वतःला खोलीत जवळजवळ कोंडून घेतलं. आवाज आणि धूळ येऊ नये म्हणून १९१० मध्ये भिंतींना बुचाच्या लाकडाचं अस्तर लावलं. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. दिवसा झोप, रात्री लेखन. धाप लागली की धोतऱ्याच्या जातीच्या वनस्पतींची पूड जाळून तिचा धूर घ्यायचा. अशा पुडीने श्वासनलिका थोडी सैल होते, पण धूर तिलाच पुन्हा डिवचतो. झोपेसाठी एक औषध, जागं राहण्यासाठी दुसरं. मात्रा बऱ्याचदा स्वतःच ठरवलेली. धाकटा भाऊ रोबेर शल्यचिकित्सक होता, तरी उपचार मनाप्रमाणेच.

१९२२ च्या शरदात सर्दीचं निमित्त झालं आणि न्यूमोनिया झाला. डॉक्टरांचं आणि भावाचंही त्यांनी ऐकलं नाही. १८ नोव्हेंबरला, ५१ व्या वर्षी ते गेले. सात भागांच्या महाकादंबरीचे शेवटचे तीन भाग छापलेले पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

त्यांना दोष देणं सोपं आहे. पण श्वासनलिकेची आतली सूज आटोक्यात ठेवणारा स्टेरॉइडचा पंप बाजारात आला १९७२ मध्ये. आज तो सरकारी रुग्णालयातही मिळतो. तरीही आमच्या ओपीडीत दमेकरी येतो तो धाप लागल्यावरच. बरं वाटलं की पंप कपाटात आणि केसपेपर गादीखाली.

धाप थांबली तरी सूज राहू शकते. म्हणून उपचार सुरू झाल्यावर एक ते तीन महिन्यांत आणि पुढे तीन ते बारा महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तसं, बरं असतानाही दाखवायला यावं. रात्री खोकल्याने जाग येते का, आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागतो का, हे आम्ही विचारतो. फुंकर मारायला लावून फुफ्फुसांची ताकद मोजतो. पंप कसा ओढता तेही पाहतो. अनेकांचं औषध घशातच राहतं. त्यावरून मात्रा वाढवायची की कमी करायची ते ठरतं. ती घरच्या घरी ठरवू नका.

येताना पंप सोबत आणा. केसपेपरवर पुढची तारीख लिहिलेली असते. ती धाप लागण्याच्या आधीची असते, हेच तिचं महत्त्व.