मित्राला बँडमधून काढलं, १९ वर्षांनी तोच स्टेजवर आला

जो स्ट्रमर म्हणजे ‘द क्लॅश’ या लंडनच्या पंक बँडचा आवाज. वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात, त्यांचा जन्म आपल्या लखनौचा. स्ट्रमर जन्मला १९५२ मध्ये, अंकारात.

१९७६ मध्ये सुरू झालेला बँड जगभर गाजला. पण १९८३ मध्ये स्ट्रमरने गिटारिस्ट मिक जोन्सलाच बाहेर काढलं. ही चूक त्याने नंतर मान्यही केली. १९८६ मध्ये बँड संपला.

१९८९ मध्ये त्याचा ‘अर्थक्वेक वेदर’ हा सोलो अल्बम आला आणि आपटला. पुढची दहा वर्षं त्याचा एकही अल्बम आला नाही.

१९९९ मध्ये ‘मेस्कलेरोज’ या नव्या साथीदारांसोबत तो परतला. आता गाण्यांत पंकसोबत रेगे आणि लोकसंगीतही होतं.

१५ नोव्हेंबर २००२. लंडनमधल्या अ‍ॅक्टन टाऊन हॉलमध्ये तो अग्निशमन दलाच्या संपकऱ्यांसाठी गात होता. तेवढ्यात प्रेक्षकांत बसलेला मिक जोन्स गिटार घेऊन थेट स्टेजवर आला. तब्बल १९ वर्षांनी दोघं एका स्टेजवर वाजवत होते.

२२ डिसेंबरला जन्मजात हृदयदोषाने स्ट्रमर गेला. वय अवघं ५०. अर्धवट राहिलेला ‘स्ट्रीटकोर’ साथीदारांनी पूर्ण केला आणि २००३ मध्ये तो लोकांपर्यंत पोहोचला.